साडूभाऊ आणि तीन नंबरची केटल

जगातली निम्मी भांडणं तारा चुकीच्या टोकाला जोडल्यामुळे होतात आणि उरलेली निम्मी समोरच्याने ‘ऐकलं’ असं न म्हटल्यामुळे, असं मनापासून मानणारा आणि या एका समजुतीवर अख्खा संसार, नोकरी आणि सासुरवाडी चालवणारा मला ठाऊक असलेला एकमेव माणूस म्हणजे आमचे साडूभाऊ. नात्याने ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण साडू होण्याच्या तीन वर्षं आधीपासून मी त्यांना ओळखत होतो. बाळकुमच्या पुढे, खाडीच्या अंगाला, रंगांसाठी लागणारं रेझिन बनवणारा एक कारखाना होता. तिथे ते इन्स्ट्रुमेंट विभागात होते आणि मी प्रयोगशाळेत. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. उंचीने बेताचे, अंगाने काटकुळे, कपाळावर कायमची एक आठी आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक चिमुकला स्क्रू ड्रायव्हर. त्या स्क्रू ड्रायव्हरने इतके खिसे फाडले, की शेवटी त्यांच्या पत्नीने, म्हणजे सुधाताईंनी, घरातल्या सगळ्या शर्टांच्या खिशांना आतून रेक्झिनचं अस्तर शिवलं. लग्नकार्यात घालायचा रेशमी झब्बासुद्धा त्यातून सुटला नाही.

त्यांच्याशी बोलायची एक रीत होती. त्यांनी सांगायचं, आपण ते जसंच्या तसं परत म्हणायचं, मग त्यांनी ‘बरोबर’ म्हणायचं आणि तेव्हा कुठे बोलणं संपायचं. कारखान्यातल्या फोनवर नवखा माणूस नुसतं ‘बरं’ म्हणून फोन ठेवायचा. पुढच्या मिनिटाला पुन्हा घंटी वाजायची आणि साडूभाऊ शांतपणे विचारायचे, ‘बरं म्हणजे नक्की काय ऐकलं?’ मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. दोन नंबरच्या केटलचा नमुना साडेचारला पाठवतो, चिकटपणा बघून लगेच कळव. मी घाबरलेला होतो, म्हणून वहीत लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत गेलो, ‘दोन नंबर, साडेचार, चिकटपणा बघायचा, लगेच कळवायचं.’ पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, काहीतरी चुकलं. मग त्यांनी विचारलं, लग्न झालंय का. मी नाही म्हणालो. ‘नाही झालेलं,’ असं माझंच उत्तर मला परत म्हणून दाखवून त्यांनी फोन ठेवला. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी सुधाताईंना, तुझ्या धाकट्या बहिणीसाठी मुलगा मिळाला असं जाहीर केलं, हे मला फार उशिरा कळलं. धाकटी बहीण तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिचं शिक्षण होईपर्यंत साडूभाऊ थांबले आणि मीही, काहीच माहीत नसताना, थांबलो.

कोपरीत ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे. खालच्या बाजारात एक कोळीण मासे घेऊन बसायची. तिच्याकडून बोंबील घ्यायचे म्हणजे दहा मिनिटांचं काम. दोन वाटे, काटा काढून, पिशवी दुहेरी, असं सांगून ते तिच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. ती आधी वैतागायची, मागच्या गिऱ्हाईकाला पुढे बोलवायची. हे मात्र हलायचे नाहीत. शेवटी तिनेच तोड काढली. ते कोपऱ्यावर दिसले की तिथूनच ती सुरू करायची, ‘दोन वाटे, काटा काढून, पिशवी डबल. आयकला. बसा आता.’ या एका वाक्यावर ते इतके खूश असायचे, की तिच्याकडचे बोंबील कधी नरम निघाले तरी त्यांनी दुसरीकडे मासे घेतले नाहीत.

दुसरा नाद चिठ्ठ्यांचा. घरातल्या प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना पिवळी चिठ्ठी आणि तिच्यावर बारीक अक्षरात नंबर. पंखा, इस्त्री, रेडिओ इथवर ठीक होतं. पण वायरी संपल्यावर त्यांची नजर कपडे वाळत घालायच्या दोरीवर गेली. दोरीच्या गॅलरीकडच्या टोकाला ‘क१’ आणि खिडकीकडच्या टोकाला ‘क२’ अशा चिठ्ठ्या मी स्वतः पाहिल्या आहेत. दोरी उलटी बांधली तर काय बिघडेल, असं मी एकदा विचारलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे इतक्या करुणेने पाहिलं, की मी विषय बदलला.

माझ्या लग्नात त्यांनी जे केलं ते आमच्याकडे अजून सांगितलं जातं. डोंबिवलीचा हॉल, भरलेल्या खुर्च्या, आणि गुरुजींच्या माइकमधून घरघर. साडूभाऊंच्या आयुष्यात काही तत्त्वं अशी होती की ज्यांवर तडजोड नव्हती. त्यांतलं पहिलं म्हणजे वायरीच्या आतल्या तारांवर गुंडाळलेल्या धातूच्या जाळीला अर्थिंग एकाच टोकाला द्यायचं. दोन्ही टोकांना दिलं, की वायर स्वतःशीच बडबडायला लागते. मंडपवाल्याने ते दोन्ही टोकांना दिलं होतं. अंतरपाट धरलेला, मी हार घेऊन उभा, आणि पहिल्या मंगलाष्टकाला साडूभाऊ रेशमी झब्ब्यानिशी स्टेजखाली शिरले. तिसऱ्या मंगलाष्टकाच्या मधोमध घरघर एकदम थांबली आणि स्वतःचा इतका स्वच्छ आवाज ऐकून गुरुजीही दचकून थांबले. आमच्या अल्बममधल्या त्या फोटोत मी आहे, अंतरपाट आहे, अंतरपाटापलीकडे बायकोची मुंडावळ आहे आणि खाली, स्टेजच्या झालरीतून बाहेर आलेले, पांढऱ्या मोज्यांतले दोन पाय आहेत.

सासुरवाडी डोंबिवलीलाच. चार बहिणी आणि त्यांची आई एकत्र आल्या, की पाचही जणी एकाच वेळी बोलायच्या आणि एकमेकींचं सगळं ऐकायच्याही. साडूभाऊंना हे सहन होत नसे. एका दिवाळीला त्यांनी सगळ्यांना नंबर वाटून दिले. मधे बसून ते एकेक नंबर पुकारणार, ज्याचा नंबर त्याने बोलायचं, बाकीच्यांनी गप्प. मी चार नंबर होतो. सासूबाईंनी वडीलकीच्या हक्काने एक नंबर घेतला. साडूभाऊ म्हणाले, एक नंबर, बोला. सासूबाई बोलू लागल्या त्या शेजारणीच्या माळ्यापासून ते तिच्या सुनेच्या बाळंतपणापर्यंत पाऊण तास. मधे बोलायचं नाही हा नियम साडूभाऊंचाच, त्यामुळे त्यांना थांबवताही येईना. चकल्या थंड झाल्या. पुढच्या दिवाळीला नंबर नव्हते.

पण घरात फसलेली ही पद्धत त्यांनी कारखान्यात मात्र खरोखर चालवून दाखवली, आणि मला सांगायचंय ते त्याच गोष्टीबद्दल.

आमच्याकडे पाच केटली होत्या. केटल म्हणजे दोन माणसं उभी राहतील एवढं बंद भांडं. त्यात कच्चा माल तापवत, ढवळत रेझिन शिजायचं. तापमान थोडं कमी पडलं तर माल कच्चा, फार चढलं तर आतल्या आत घट्ट होऊन दगड. म्हणून प्रत्येक केटलला एकेक कंट्रोलर बसवला होता. भिंतीवरची ती करडी पेटी तापमान बघून वाफ आणि थंड पाण्याचे व्हॉल्व्ह आपले आपण उघडायची, मिटायची. पाचही कंट्रोलर वेगवेगळ्या वर्षी घेतलेले, दोन वेगवेगळ्या बनावटींचे, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. कुठल्या केटलमध्ये काय चाललंय ते कळायचं ते काशिनाथदादामुळे. काशिनाथदादा बाळकुम गावातलाच, पन्नाशीचा, पिढीजात मिठागरात राबलेल्या घरातला. दर तासाला तो पाचही केटलींचे जिने चढून, पाइपाला लावलेल्या काट्याच्या घड्याळांतले आकडे बघून रजिस्टरमध्ये उतरवायचा आणि ते रजिस्टर वर कंट्रोल रूममध्ये आणून ठेवायचा. साडूभाऊ आणि तो पंधरा वर्षं एका बाकावर डबा खात होते. सुधाताईंची भाजी त्याच्याकडे जायची आणि त्याच्या घरचा सुका जवळा यांच्याकडे यायचा.

नव्वद सालानंतर दोन-एक वर्षांनी नवे मॅनेजर आले आणि कंट्रोल रूममध्ये कॉम्प्युटर आला. पाचही केटली पडद्यावर दिसल्या पाहिजेत, असं मॅनेजरांचं म्हणणं. कॉम्प्युटर पुरवणाऱ्या कंपनीचा एक टायवाला इंजिनिअर येऊन पेट्या बघून गेला आणि म्हणाला, हे जुने कंट्रोलर जोडता येणार नाहीत, काढून टाका. साडूभाऊंना ते फार लागलं. ते पाच कंट्रोलर त्यांनी आपल्या हाताने बसवले होते. ‘ते मुके नाहीत,’ ते मला म्हणाले. ‘त्यांना आजवर कोणी विचारलं नाही एवढंच.’

त्यांनी शोधून काढलेला उपाय म्हणजे एक मॉड्यूल. वहीएवढं कार्ड, कंट्रोलरच्या रिकाम्या खाचेत सरकवायचं. कंट्रोलरच्या पोटात जे आकडे असतात ते हे कार्ड उचलतं आणि एकाच बारीक तारेवरून एकामागून एक खुणा सोडत पुढे पाठवतं. एका तारेवर पाचही जण टांगलेले, प्रत्येकाला नंबर, कॉम्प्युटरने नंबर पुकारायचा आणि ज्याला पुकारलं त्यानेच उत्तर द्यायचं. मला हे एका रविवारी कोपरीच्या घरी जेवणाच्या टेबलावर समजलं. बिरड्यासाठी सुधाताईंनी वाल भिजवून ठेवले होते. साडूभाऊंनी ते ओळीने मांडायला घेतले. सालासकट वाल म्हणजे एक, सोललेला म्हणजे शून्य. असे आठ वाल झाले की इंग्रजीतलं एक अक्षर. नववा वाल तपासणीचा. सालवाल्यांची संख्या सम यावी म्हणून तो हवा तसा ठेवायचा. वाटेत एखाद्याचं साल निघालं तर हिशेब विषम होतो आणि घेणाऱ्याला कळतं की काहीतरी बिघडलंय. या पद्धतीने त्यांनी सुधाताईंचं नाव लिहिलं. पाच अक्षरांना पंचेचाळीस वाल लागले. त्या दिवशी बिरडं झालं नाही, पण सुधाताई बराच वेळ टेबलाजवळ उभ्या राहून ती ओळ बघत होत्या. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हे यांनी लिहिलेलं पहिलं प्रेमपत्र.

कार्डं आली, तार टाकली गेली, आणि पडद्यावर आकड्यांऐवजी हसरे चेहरे आणि बदामाची चित्रं दिसू लागली. महिनाभर रोज तेच. एक बोलतोय एका वेगाने आणि दुसरा ऐकतोय भलत्याच वेगाने, म्हणून असं होतं, असं साडूभाऊ सांगायचे. पण वेग तर सगळीकडे सारखा लावलेला. मॅनेजर सकाळी येऊन पडदा बघायचे आणि काही न बोलता जायचे. टायवाल्या इंजिनिअरचा फोन यायचा. साडूभाऊंनी जेवण कमी केलं. कोळणीसमोर उभे राहून बोंबलांऐवजी मांदेली म्हणाले आणि तिने चूक दाखवली तरी लक्षात आलं नाही. मग एका दुपारी, कार्ड भिंगाखाली धरलेलं असताना, त्यांना दिसलं, की त्याच्या पोटावर तांदळाच्या दाण्याएवढे, वेग ठरवणारे जे आठ स्विच होते ते कार्डाबरोबर आलेल्या पुस्तकात डावीकडून मोजले होते आणि प्रत्यक्षात त्यांची मोजणी उजवीकडून होती. पाच मिनिटांत त्यांनी ते उलटे केले. पडद्यावर बदाम गेले आणि बहात्तर आकडा आला. आम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. त्यांनी हात वर करून आम्हाला थांबवलं. काशिनाथदादा खाली एक नंबरच्या केटलपाशी उभा होता. त्याला त्यांनी खिडकीतून हाक मारून घड्याळ वाचायला सांगितलं. ‘भात्तर,’ असं खालून ओरडून आलं. तेव्हा साडूभाऊ खुर्चीवर बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले.

तीन आठवड्यांनी मॅनेजरांनी काशिनाथदादाची फेरी बंद केली. आकडे पडद्यावर दिसताहेत तर रजिस्टर कशाला. त्याला मागच्या अंगणात ड्रम मोजायला लावलं. साडूभाऊंना हे नोटीस बोर्डावर वाचून कळलं. आपण जोडतोय त्या तारेचं हे दुसरं टोक त्यांनी कधी तपासलंच नव्हतं. ते लगेच मॅनेजरांकडे गेले आणि तसेच परत आले. मग अंगणात काशिनाथदादाकडे गेले. मी सोबत होतो. माझ्यामुळे झालं हे, असं काहीतरी ते पुटपुटले. काशिनाथदादा हसला. गुडघे कुरकुरत होतेच, जिने सुटले ते बरं झालं, असं तो म्हणाला, आणि डब्यातला जवळा पुढे केला. साडूभाऊंनी त्या दिवशी तो खाल्ला नाही. त्याने रागावून दोन शब्द सुनावले असते तर त्यांना सोपं गेलं असतं असं मला वाटतं.

पुढे महिनाभर सगळं सुरळीत चाललं. बाहेरचे लोक पडदा बघायला यायचे, मॅनेजर त्यांना स्वतः दाखवायचे, आणि साडूभाऊंना विभागप्रमुख करणार असं आमच्यात बोललं जाऊ लागलं. मग एका दुपारी चारच्या सुमाराला मी नमुन्याची चौकशी करायला कंट्रोल रूममध्ये गेलो होतो. तीन नंबरच्या केटलमध्ये माल शिजत होता. पडद्यावर चौऱ्याऐंशी. खालचा ऑपरेटर पाच नंबरमध्ये माल भरण्यात गुंतलेला. आताशा पडदा असल्यामुळे तोही घड्याळांकडे फारसा बघायचा नाही. साडूभाऊ खुर्चीत बसून मला काहीतरी सांगत होते आणि जिन्यावर पावलं वाजली. काशिनाथदादा आत आला. ड्रमच्या अंगणातून तीन मजले चढून आल्यामुळे त्याला धाप लागली होती.

‘भाऊ, तीन नंबरचा वास बरा नाय,’ तो म्हणाला.

साडूभाऊंनी पडद्याकडे बोट केलं. ‘चौऱ्याऐंशी आहे, काशिनाथदादा.’

‘पडद्यावर असंल. मी केटलीजवलून आलो. पाइपाला हात लावला तं चटका बसला मना.’

साडूभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. पडद्यावर आकडा तसाच होता, अगदी स्थिर, आणि मला वाटतं त्या स्थिरपणानेच त्यांना जाग आली, कारण शिजणाऱ्या मालाचा आकडा कधी इतका वेळ एका जागी राहत नाही. ते उठले आणि धावले. मी त्यांना त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं. काशिनाथदादा कुरकुरत्या गुडघ्यांनी त्यांच्या मागे आणि मी दोघांच्या मागे. केटलवरच्या घड्याळाचा काटा एकशे अठरावर होता आणि डोळ्यांदेखत पुढे सरकत होता. कंट्रोलरच्या पेटीवर एकही दिवा नव्हता. तिचा वीजपुरवठा आतल्या आत जळला होता आणि थंड पाण्याचा व्हॉल्व्ह मिटलेल्या अवस्थेत अडकून पडला होता. दोघांनी मिळून हाताने फिरवायचं चाक धरलं. ते जाम होतं. साडूभाऊंचा जोर पुरेना, मग काशिनाथदादाने खांदा लावला आणि ते कुरकुरत फिरलं. पाइपांतून पाणी धावल्याचा आवाज आला. काटा एकशे एकवीसला थबकला, काही वेळ तिथेच थरथरला आणि मग मागे येऊ लागला.

कोणाला काही झालं नाही. आतला माल मात्र दगड झाला आणि पुढचे आठ दिवस माणसं केटलमध्ये उतरून छिन्नीने तो फोडत होती.

चूक कुठे झाली ते साडूभाऊंना त्याच संध्याकाळी कळलं. कॉम्प्युटर एकेक नंबर पुकारायचा आणि उत्तर आलं नाही तर पुढच्याकडे वळायचा. आधीचा आकडा पडद्यावर तसाच राहायचा. सुरुवातीच्या दिवसांत उत्तरं वारंवार हुकायची, म्हणून प्रोग्रॅममध्ये त्यांनीच तसं लिहिलं होतं, आणि नंतर बदलायचं राहून गेलं. कंट्रोलर मेला तेव्हा पडदा त्याचं शेवटचं उत्तर धरून बसला होता. कोळणीकडून ‘आयकला’ ऐकल्याशिवाय न हलणाऱ्या माणसाने कारखान्यात मात्र गप्प बसलेल्याला माफ करून टाकलं होतं.

मॅनेजरांना अहवाल हवा होता. जुना कंट्रोलर बंद पडला एवढंच लिहा, असं त्यांनी सुचवलं. ते खोटंही नव्हतं. विभागप्रमुखाची जागा तुमचीच आहे, हेही त्यांनी बोलता बोलता सांगितलं. साडूभाऊंनी दोन पानी अहवाल लिहिला. कंट्रोलर बंद पडला ते पहिल्या वाक्यात. पडद्याने खोटा आकडा दाखवला आणि तो प्रोग्रॅम माझा होता, हे दुसऱ्या. धोका कोणी ओळखला त्याचं नाव आणि हुद्दा तिसऱ्या. त्यानंतर दोन मागण्या. प्रत्येक कंट्रोलरमध्ये दर सेकंदाला एकाने वाढणारा एक आकडा ठेवायचा आणि तो पडद्यावर आणायचा. तो वाढायचा थांबला की लाल रंग आणि घंटा. आणि काशिनाथदादाची फेरी पुन्हा सुरू करायची, कारण वास आणि चटका तारेवरून येत नाही. पहिली मागणी लगेच मान्य झाली. दुसरीसाठी ते रोज सकाळी मॅनेजरांच्या दाराशी उभे राहू लागले. पंधरा दिवसांनी मॅनेजर कंटाळले आणि दोन तासांतून एक फेरी मंजूर झाली. विभागप्रमुख मात्र दुसराच कोणीतरी झाला.

ही बातमी त्यांनी घरी कशी सांगितली ते सुधाताईंकडून ऐकलेलं आहे. जेवताना, आमटी वाढून घेता घेता. सुधाताईंनी आमटीचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ‘बरं झालं. साहेब झाला असतात तर टाय बांधावा लागला असता, आणि त्याच्या दोन्ही टोकांना तुम्ही चिठ्ठ्या लावल्या असत्यात.’

मी त्यांना एकदाच विचारलं, की कंट्रोलरवर ढकलून मोकळं होता आलं असतं, मग एवढं सगळं का लिहिलंत. खोपटच्या स्टँडवर बसची वाट बघत होतो. ‘काशिनाथदादाला मी जिन्यावरून खाली आणलं होतं,’ ते म्हणाले. ‘वास आला तेव्हा तो ड्रम मोजत राहिला असता तर त्याला कोणी बोल लावला नसता. तरी तो वर आला. मग मी तिथे खोटं कसं लिहू?’ मी वाक्य परत म्हणून दाखवायची वाट ते बघतील असं मला वाटलं. पण बस आली आणि आम्ही चढलो.

नव्वदीच्या शेवटी कारखाना बंद झाला. काशिनाथदादा त्याच्या वर्षभर आधी निवृत्त झाला होता. कारखान्याच्या जागेवर पत्रे लागले, पत्र्यांवर पोहण्याच्या तलावाची चित्रं लागली आणि आत इमारती उठू लागल्या. साडूभाऊ घरी बसले. रेडिओ उघडायचे, मिटायचे. आमच्या घरच्या इस्त्रीला नवी चिठ्ठी लावायला म्हणून कल्याणपर्यंत यायचे. आता ते नाहीत, काशिनाथदादाही नाही. पण त्या काळातला एक रविवार माझ्या लक्षात राहिला आहे. साडूभाऊंनी मला बोलावून घेतलं आणि आम्ही दोघं बाळकुमला गेलो. इमारतींच्या मागे गाव अजून होतं. काशिनाथदादा दारातल्या ओट्यावर बसला होता. त्याला ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. साडूभाऊंना बघून तो हसला आणि सरकून जागा केली. त्याच्या सुनेने चहा आणला, जवळ्याची पुडी बांधून आणली. दोघं खांद्याला खांदा लावून बसले. समोर एका कोंबडीची पिल्लं फिरत होती, पलीकडे खडी उतरवणारा ट्रक उभा होता, ते बघत राहिले. तास गेला असेल. एकानेही तोंड उघडलं नाही. निघताना काशिनाथदादाने साडूभाऊंच्या पाठीवरून हात फिरवला आणि आम्ही बस स्टॉपवर आलो.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर साडूभाऊंनी जवळ्याची पुडी मांडीवर नीट ठेवली. मग बाहेर बघत म्हणाले, ‘आज बऱ्याच दिवसांनी मनसोक्त गप्पा झाल्या.’